कुठल्या रांगेत उभी राहू?

पेडणे तालुक्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. चार पानी, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, मध्ये एके ठिकाणी शाई ओघळलेली. तिच्या परवानगीने त्यातला मजकूर थोडक्यात देते. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत.

"ताई, मी २७ वर्षांची. मला 'तू'च म्हणा. बी.कॉम. झालेय. उजवा पाय जन्मापासून आखूड, ४५ टक्क्यांचा दाखला आहे. आम्ही अनुसूचित जातीतले. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चार वर्षं कामाला आहे. घेतलं रिसेप्शनसाठी, पण दोन महिन्यांतच मागे लॉन्ड्रीच्या स्टोअरमध्ये चादरी-टॉवेल मोजायला बसवलं. का म्हणून विचारलं तर साहेब म्हणाले, 'आमच्याकडे भेदभाव चालत नाही. रिसेप्शनवर दोघी बायकाच आहेत. अकाउंट्सला बसतो त्याचाही पाय अधू आहे. तुमच्या समाजाचा एक मुलगा सामान न्यायला आहे. मग तुला काय वाटतं?' मला उत्तर सुचलं नाही.

कॅन्टीनमध्ये सुपरवायझरबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हिच्याकडे दोन-दोन सर्टिफिकेटं, हिला कामाची काय गरज?' सगळे हसले. गेल्या महिन्यात रात्रपाळीला ड्यूटी मॅनेजर स्टोअरच्या दारात वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, 'असल्या पायाच्या मुलीला विचारतंय कोण? मी विचारतो तर भाव खातेस. तुमच्या वाड्यावरच्यांना हा माज कधीपासून आला?' मी टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते. तिथे दुसरं कोणी नव्हतं. एक घाटी बाई पॅसेजमध्ये लादी पुसत होती, पण तिची साक्ष काय कामाची?

हॉटेलच्या महिला समितीतल्या मॅडम म्हणाल्या, जातीचं आमच्याकडे आणू नकोस, तो काय बोलला तेवढंच लिही. समाजातले एक मोठे म्हणाले, बाईमाणसाचं प्रकरण बाहेर काढू नकोस, जातीपुरतं लिही, आम्ही बघतो. अपंगांच्या संस्थेत गेले, त्यांनी स्कूटरच्या योजनेचा फॉर्म दिला. आई म्हणते नोकरी सोड. आमचं घर ज्यांच्या भाटात (माडांच्या बागायतीत) आहे ते भाटकार (जमीनमालक) त्या मॅनेजरचे नातलग आहेत. ताई, माझं नेमकं दुखणं कुठलं? बाई म्हणून, जात म्हणून, की पाय म्हणून? मी कुठल्या रांगेत उभी राहू?"

बाय,

रांग निवडू नकोस. हे आधी सांगते, कारण पत्र चार पानी असलं तरी तुझी घुसमट त्या एकाच प्रश्नात आहे. तो प्रश्न तुला तीन दारांवर तीन माणसांनी शिकवलाय. त्या रात्री स्टोअरच्या दारात तो तुला पडला नव्हता. तिथे तुला सगळं एकदम कळलं होतं.

त्या मॅनेजरची वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. 'असल्या पायाच्या मुलीला विचारतंय कोण' यात पाय आहे आणि मुलगीही आहे. लग्नाच्या बाजारात तुझी किंमत शून्य, म्हणून मी देईन त्या किमतीला हो म्हण, असा त्याचा हिशोब. अकाउंट्समधल्या त्या मुलाला असं कुणी म्हणणार नाही. त्याचा पाय अधू आहे, पण त्याला बायको मिळेल हे सगळ्यांनी गृहीत धरलंय. 'मी विचारतो तर भाव खातेस' हे बाईला म्हटलेलं आहे, पण रिसेप्शनवरच्या त्या दोघींना तो हे म्हणाला असता का? त्यांच्यातल्या एकीचा भाऊ किंवा काका दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या गेटवर उभा राहिला असता, हे त्याला ठाऊक आहे. आणि शेवटचं, 'तुमच्या वाड्यावरच्यांना'. तुझी पाठराखण करायला येणारा भाऊ कुठल्या वाड्यावरून येईल आणि त्याचं कोण किती ऐकेल, हे त्याने आधीच मोजलेलं होतं. म्हणून त्याचा आवाज चढला. यातलं एकही सुटं काढलं तर तो त्या दारात उभा राहायला धजला नसता.

म्हणजे तुझी तीन दुखणी नाहीत. बाईपण थोडं, जात थोडी, पाय थोडा, अशी ती बेरीज नाही. तुझ्याच जातीच्या, तुझ्याच वयाच्या, धड पायांच्या मुलीला जे भोगावं लागेल ते वेगळं, आणि भाटकाराच्या घरातल्या लंगडणाऱ्या मुलीला भोगावं लागेल ते वेगळं. भाटकाराच्या मुलीची दया करतील, तिला घरात कोंडतील, पण तिला 'माज' हा शब्द कुणी वापरणार नाही.

साहेबांच्या ज्या उत्तराने तू गप्प झालीस, त्याचीही गोष्ट सांगते. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये पाच कृष्णवर्णीय बायकांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता, १९७६ साली त्याचा निकाल लागला. मंदीत कंपनीने माणसं कमी केली, शेवटी आलेल्यांना आधी काढलं. या बायकांना कंपनीने मुळात घेतलंच होतं उशिरा, त्यामुळे त्या सगळ्या गेल्या. कंपनीचा बचाव असा की आम्ही बायकांना नोकऱ्या देतो, कृष्णवर्णीयांनाही देतो. खरंच देत होती. पण त्या बायका गोऱ्या होत्या आणि कचेरीत होत्या, आणि ते कृष्णवर्णीय पुरुष होते, कारखान्यात होते. कोर्ट म्हणालं, वंशाचा दावा लावा किंवा बाई असण्याचा लावा, दोन्ही मिसळून तिसरा दावा चालणार नाही. तुझ्या साहेबांनी जवळजवळ तेच वाक्य तुला ऐकवलंय, अर्धशतकानंतर. रिसेप्शनवर बायका, अकाउंट्सला अधू पायाचा मुलगा, सामान न्यायला तुमच्यातला एक. तिन्ही माणसं खरी आहेत, आणि तरी तुझ्यासाठी जागा मागे चादरींत.

पुढे १९८९ साली किम्बर्ले क्रेन्शॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने याच खटल्यावर लिहिलं आणि चौरस्त्याचा दाखला दिला. तू रोज बसने करासवाड्याच्या जंक्शनवरून जातेस ना? तिथे मधोमध उभ्या असलेल्या माणसाला अपघात झाला तर गाडी या रस्त्याने आली असेल, त्या रस्त्याने आली असेल, किंवा दोन्हीकडून एकदम आली असेल. पंचनाम्याला आलेला म्हणाला की आधी नेमका रस्ता सांग, मगच नोंद करतो, तर जखमी माणूस रस्त्यातच पडून राहील. अभ्यासक या विचाराला आंतरछेदिता म्हणतात. शब्द जड आहे, तो पाठ करायची गरज नाही.

आणि ही गोष्ट अमेरिकेतून आल्यावरच आपल्याला कळली असंही समजू नकोस. १८५५ साली पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने एक निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या जातीवरच्या अन्यायाबद्दल लिहिता लिहिता ती थेट बाळंतिणीपाशी येते, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाईपाशी. जातीचं दुःख एका परिच्छेदात आणि बाईचं दुसऱ्यात असं तिने केलं नाही. शाळकरी मुलगी होती, तिला ते एकच दिसलं. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात तर जात टिकते कशी याचं उत्तरच लग्नात आणि बायकांवरच्या बंधनांत शोधलंय. तुझा मॅनेजर 'विचारतंय कोण' म्हणतो तेव्हा तो त्याच जुन्या कुलपाला हात घालत असतो.

आता मॅडमबद्दल. त्या तुला म्हणाल्या, जातीचं आणू नकोस. त्यांचा मला राग आला, पण तो सगळा त्यांच्यावर काढायला मी मोकळी नाही.

खूप वर्षांपूर्वी आम्ही काही जणींनी एक महिला मंडळ चालवलं होतं. 'आपण सगळ्या बायका एकच' हे आमचं आवडतं वाक्य. चैत्रात हळदीकुंकू, श्रावणात एक कार्यक्रम, मध्ये एखादं व्याख्यान. कार्यक्रम ठरला की पदार्थ वाटून घ्यायचे. एकीने खतखतं, एकीने पातोळ्या, कुणी सोजी. आमच्यात एक जण तुझ्या समाजातली होती, शिक्षिका होती, बोलायला फार छान. तिच्याकडे दर वेळी फुलं आणि कागदी प्लेटी यायच्या. कुणी ठरवून दिलं नव्हतं. बैठकीत कुणीतरी आपसूक म्हणायचं, 'तू फुलं आण गो, तुझ्याकडे अबोली चांगली असते.' तिसऱ्या की चौथ्या वर्षी ती यायची बंद झाली. मी एकदा बाजारात भेटल्यावर विचारलं, का गं येत नाहीस? ती म्हणाली, 'मला पण पातोळ्या येतात.' एवढंच म्हणाली आणि भाजीवालीशी बोलायला लागली. मला घरी येईपर्यंत अर्थ लागला नाही. लागला तेव्हा ताट पुढ्यात होतं, आणि घास उतरला नाही. यादी लिहिणारी मीच होते.

गोव्यात जात नाही, असं आपल्याकडे फार अभिमानाने बोलतात. मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की हमखास. चर्चमध्येही बामण की चार्दो, म्हणजे ख्रिस्त्यांमधली जात, विचारून सोयरीक जुळते हे त्यांना कुणी सांगत नाही. आणि ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला तर तेही सिद्ध करता येत नाही, कारण अनुसूचित जातींच्या यादीत हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच धरतात. वाडा तोच, वागणूक तीच, दाखला नाही.

समाजातल्या त्या मोठ्यांनी तुला उलट बाजूने तेच सांगितलं. बाईचं बाहेर काढू नकोस. त्यांना तुझी काळजी असेल, मी नाही म्हणत नाही. पण 'नाव खराब होईल' ही भीती ज्याने वाट अडवली त्याला असायला हवी होती, तुला नाही. त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांग की मदत हवी असेल तेव्हा मागेन, मात्र काय लिहायचं आणि काय गाळायचं ते मी ठरवणार.

आता कामाचं बोलू. यातलं काही रुक्ष वाटेल, पण नीट वाच.

एक वही घे. त्या रात्रीची तारीख, वेळ, जागा, दिवा चालू होता का, तो कुठे उभा होता, तू कुठे. त्याचे शब्द जसेच्या तसे. पत्रात तू ते मराठीत लिहिलेस, पण तो नक्कीच पेडण्याच्या बोलीत बोलला असणार. तक्रारीत बोलीतच लिही, सभ्य करू नकोस. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: जे तो बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालू नकोस. कुणी सल्ला देईल की जातीचं नाव घेऊन शिवी दिली असं लिही, म्हणजे केस पक्की होईल. नको. त्याने घेतलं नसेल तर लिहू नकोस. 'तुमच्या वाड्यावरच्यांना' हे तो बोललाय, तेच पुरेसं बोलकं आहे. रिसेप्शनवरून हलवल्याचं पत्र किंवा मेसेज असेल तर जपून ठेव. कॅन्टीनचा प्रसंगही त्याच वहीत, कोण कोण हसलं त्यांच्या नावांसकट.

मग समितीला तक्रार. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची असते, कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तुझा एक महिना गेलाय. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि ती चालू असताना त्याची किंवा तुझी बदली, किंवा तुला तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तू त्याची बदली माग. तुझी बदली एकदा झालीच आहे. मॅडम म्हणतील जातीचं आमच्या अखत्यारीत नाही. नसेल. त्यांनी त्यांच्या कायद्यापुरता निर्णय द्यावा. पण तुझ्या कागदावरच्या वाक्याचे तुकडे करायचा त्यांना अधिकार नाही. तुला पोलिसांत जायचं असेल तर त्यात मदत करणं हेही त्याच कायद्याने मालकाचं काम आहे.

पोलिसांकडे गेलीस तर अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं एक कलम लक्षात ठेव, ३(१)(डब्ल्यू). समोरची बाई अनुसूचित जाती-जमातीची आहे हे माहीत असताना तिच्याशी लैंगिक स्वरूपाचे शब्द किंवा हावभाव करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीने तो आलाय. बाई आणि जात एका वाक्यात धरणारं कलम कायद्यात क्वचितच सापडतं, आणि हे त्यातलं आहे. शिवाय जातीवरून अपमान केल्याच्या कलमांना प्रसंग चारचौघांच्या नजरेसमोर घडलेला लागतो, तशी अट या कलमाला नाही. 'मला तिची जात माहीतच नव्हती' असं तो म्हणेल. तुला किंवा तुझ्या घरच्यांना तो ओळखत होता हे दाखवता आलं, तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं काम त्याचं. तुमचं घर त्याच्या नातलगांच्या भाटात आहे! म्हणजे ज्या गोष्टीने आई घाबरलीय तीच इथे तुझ्या कामाची. हा तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, तेव्हा ठाण्यावर कुणी हवालदार 'मिटवून टाका' म्हणाला तर ते ऐकून घेऊ नकोस.

कॅन्टीनच्या वाक्यासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघ, कलम ९२. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा करणं हा गुन्हा आहे, आणि कॅन्टीनमध्ये चारचौघे होते. 'दोन-दोन सर्टिफिकेटं' या शब्दांत दोन्ही दाखल्यांवर थुंकलंय, तेव्हा तेही दोन्ही कायद्यांखाली तपासायला सांग.

खोटी आशा देत नाही. २०२१ साली सुप्रीम कोर्टापुढे आंध्रमधलं एक प्रकरण आलं होतं, जन्मापासून अंध असलेल्या दलित मुलीवरच्या बलात्काराचं. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि शाह यांच्या खंडपीठाने बाई, जात आणि अपंगत्व एकत्र आल्यावर काय होतं याबद्दल बरंच लिहिलं, आणि बलात्काराची जन्मठेप कायम केली. पण अत्याचार कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द केली, कारण गुन्हा ती त्या जातीची 'म्हणूनच' झाला असा पुरावा सरकारी पक्षाने मांडला नव्हता आणि २०११ च्या त्या गुन्ह्याला जुना कायदा लागू होता. आता त्या कलमात जात 'माहीत असताना' एवढं पुरतं. निकालात सगळं समजून घेऊनही कोर्टाचे हात पुराव्याने बांधले गेले, म्हणून मी वहीबद्दल एवढं सांगतेय.

वकिलाचा खर्च ही अडचण नाही. मोफत विधी सेवेला बाई म्हणून, अनुसूचित जातीची म्हणून, दिव्यांग म्हणून, यांतलं कुठलंही एक कारण पुरतं, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अर्ज कर, किंवा १५१०० ला फोन. अत्याचाराच्या प्रकरणांसाठी १४५६६ ही वेगळी हेल्पलाइनही आहे.

नोकरी सोडू नकोस, निदान तक्रार होईपर्यंत तरी. पण आईवर चिडूही नकोस. ती भित्री नाही, तिने ते भाट आयुष्यभर बघितलंय. तुझ्या आजी-आजोबांनी कुणाच्या माडाखाली, कुणाच्या परवानगीने खोप घातली असेल, आणि चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी दोन नारळ काढायचे तरी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं असेल, ते तिला आठवतं. तिला घेऊन मामलेदार कचेरीत जा. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराला मुंडकाराचं, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं घर मनाला येईल तेव्हा काढता येत नाही, आणि घर विकत घ्यायचा हक्कही आहे. तुमची मुंडकार म्हणून नोंद झालीय का, ते आधी तपासा. झाली नसेल तर तोही अर्ज याच महिन्यात. तो कागद हाती आला की आईची रात्रीची झोप थोडी वाढेल.

एक राहिलं, आणि ते सांगितल्याशिवाय मी पत्र बंद करणार नाही. 'घाटी बाई, तिची साक्ष काय कामाची.' हे तू लिहिलंस. आणि दुसऱ्या पानावर, मी इथे न छापलेल्या ओळीत, 'आता घाटी बायकासुद्धा मला हसतात' असंही.

तो शब्द तू लहानपणापासून ऐकला असशील, घाटापलीकडून आलेल्यांना हिणवायला सगळा गोवा तो वापरतो. पण ज्या कानाला 'तुमच्या वाड्यावरच्यांना' एवढं टोचलं, त्या कानाला हा शब्द टोचायला हवा होता. तू लिहिलंयस की तिच्या साडीला आरसे लावलेले असतात, म्हणजे ती लमाणी असावी. असेल तर तिचं बघ. कर्नाटकात तिची जात अनुसूचित, महाराष्ट्रात विमुक्त, आणि गोव्याच्या अनुसूचित यादीत नाहीच. बाहेरच्या राज्यातून आलेल्या माणसाला जन्मगावचा जातीचा दाखला इथल्या सवलतींसाठी चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९० मध्येच ठरवलंय. गृह आधार या सरकारच्या गृहिणींसाठीच्या योजनेचे पैसे घ्यायचे तर १५ वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा लागतो. तुझ्याकडे 'दोन सर्टिफिकेटं' आहेत म्हणून तुला हसले. तिच्याकडे इथे चालणारं एकही नाही. ठेकेदाराने उद्या सकाळी येऊ नकोस म्हटलं की तिची नोकरी संपली. तीही त्याच चौरस्त्यावर उभी आहे, तिच्या अंगावर येणारे रस्ते वेगळे एवढंच. आणि त्यातला एक रस्ता तुझ्या बाजूने येतो.

तिची साक्ष कामाची आहे, रिसेप्शनवरच्या कुणाच्याही साक्षीइतकीच. समितीपुढे ठेकेदाराच्या कामगारालाही बोलावता येतं, आणि पोलिसांत प्रकरण गेलं तर अत्याचार कायद्यात साक्षीदारांना संरक्षण आणि येण्याजाण्याचा खर्च देण्याची तरतूद आहे. पण हे तिला लगेच जाऊन ऐकवू नकोस. तिने तुझ्यासाठी बोलावं असा तुझा तिच्यावर काही हक्क नाही. तिने नाही म्हटलं तर ते भित्रेपण समजू नकोस, आणि तिच्याशिवायही तक्रार दे.

ती तिथे चार-पाच महिने तरी लादी पुसत असेल, आणि तुझ्या चार पानांत तिचं नाव नाही. परवाच्या पाळीला चहाच्या वेळी तिच्याजवळ जाऊन बस, नाव विचार, गाव विचार. त्या रात्री तिने पुसणं थांबवलं होतं का, तेही कधीतरी विचार. मला वाटतं, थांबवलं असावं.

तक्रारीच्या दोन प्रती काढ, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घे. पोच मिळाली की मला दोन ओळी लिही.

तुझी,
ताई